प्रबंधासाठी ऐकलेलं कथेत आणलं. चुकलं का माझं?

पेवकाठची लेक | रविवार, रात्री ११.२०

नमस्कार. बरेच दिवस इथं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी सांगलीची. मराठीत एम.ए., सेट, आणि पीएच.डी.चं हे चौथं वर्ष. दोन कॉलेजांत सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवते, त्यामुळं लिहायचं ते रात्री दहानंतर. विषय आहे हळदीच्या कामातली बोली. हरिपूर आणि सांगलीच्या पेठेत हळद भरणाऱ्या, उचलणाऱ्या, तोलणाऱ्या माणसांच्या तोंडचे शब्द. वडील मार्केट यार्डात हमाल होते. घरी यायचे तेव्हा बनियनपासून नखांपर्यंत पिवळे असायचे. आईनं कितीही धुतली तरी त्यांची उशी कधी पांढरी झाली नाही. विषय निवडताना मला फार हिंडावं लागलं नाही.

पेव ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथली माती इतकी घट्ट की खोल खड्डा खणला तरी कडा ढासळत नाहीत. वरचं तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट मोठं. त्यात हळद भरायची आणि तोंड मातीनं बंद करायचं. आत हवा खेळत नाही, म्हणून कीड लागत नाही, आणि माल वर्षानुवर्षं राहतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागं या पेवांचाही वाटा आहे. पण २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं, माल कुजला, आणि व्यापारी गोदामांकडं, शीतगृहांकडं वळले. पेवात उतरलेली बरीचशी माणसं आता सत्तरीच्या पुढं आहेत. 'क्लासेसचं पेव फुटलंय' असं आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो. पण पेव फोडणं हे ज्यांचं रोजचं काम होतं, त्यांना त्या कामातले बारीकसारीक शब्द विचारायला कुणी गेलं नव्हतं. मी गेले.

आता मुद्द्याचं. हरिपुरातल्या एका आजोबांकडं मी सहा वेळा गेले. पाचव्या भेटीत दोन तास बोलून झाल्यावर ते म्हणाले, "त्ये बंद कर वाईच." मी मोबाईलवरचं रेकॉर्डिंग बंद केलं. मग त्यांनी त्यांच्या कामातल्या जोडीदाराची गोष्ट सांगितली. पेव फोडलं की लगेच उतरायचं नसतं, आतली हवा जीव घेते. कंदील खाली सोडायचा, तो विझला तर थांबायचं. त्या दिवशी गाडी भरायची घाई होती. कंदील सोडला की नाही हे आजोबांना आज नीट आठवत नाही, आणि तेच त्यांना पन्नास वर्षं खातंय. जोडीदार उतरला. वर आला नाही.

घरी येऊन मी ते वहीत उतरवलं. पुढं महिनाभर प्रबंधाचं एक पान पुढं सरकलं नाही. मग एका रात्री कथा लिहून झाली. गाव बदललं, नावं बदलली. कंदील ठेवला. ती कथा एका दिवाळी अंकानं घेतलीय.

गाईडना कळलं आणि ते भडकले. दोन गोष्टी म्हणाले. एक, संशोधनाची सामग्री प्रबंधाआधी कथेत वापरली तर परीक्षकाला वाटेल की मुलाखतीही अशाच रचलेल्या असतील. दोन, ललित लिहिणाऱ्याचं संशोधन ढिलं होतं, त्यामुळं एक काय ते ठरव. दुसऱ्यानं मला रडू आलं. पहिल्याला मात्र उत्तर सुचेना. आणि तिसरी गोष्ट ते बोलले नाहीत, तीच रात्री उठून बसवते. आजोबा "बंद कर" म्हणाले होते.

या वाटेनं गेलेल्यांनी सांगा. चुकलं का माझं?

फडातला | रविवार, रात्री ११.५८

ताई, अभिनंदन आधी. दिवाळी अंकात पहिल्या झटक्यात कथा लागणं सोपं नाही.

कामाचं बोलतो. मीही रजिस्ट्रेशन करून दोन वर्षं झालीत, कराडजवळ राहतो. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे वाङ्मयचौर्याचे नियम बघा. त्यात साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, ४० पर्यंत असेल तर सुधारून द्यायला सांगतात, पुढं जास्त कडक आहे. कथेतला परिच्छेद जसाच्या तसा प्रबंधात आला तर तो सॉफ्टवेअरमध्ये दिसू शकतो, तुमचा स्वतःचा असला तरी. तेवढं टाळा. बाकी कथा छापली म्हणून प्रबंध नाकारा, असं नियमात कुठं नाही.

मुलाखतींच्या मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा सांगलीच्या नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं भिजून गेली, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल. एकाच लॅपटॉपवर चार वर्षं ठेवू नका. रचलंय असा संशय कुणी घेतला तर ऐकवायला आवाज पाहिजे.

लेखी संमती घेतली होती का?

माहुलीचा घाट | सोमवार, सकाळी ७.०५

साताऱ्याहून लिहितोय. पस्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालो. तुमच्या वयाच्या मुली माझ्या हाताखाली शिकून गेल्या, म्हणून 'तू' म्हणतो, चालेल ना?

तुझ्या गाईडांच्या दुसऱ्या वाक्याचं आधी बघू, कारण ते मी आयुष्यभर ऐकलंय आणि मला ते कधी पटलं नाही. आपला हा मुलूखच बघ. वाळवा तालुक्यात बागणी आहे. तिथल्या सरोजिनी बाबरांनी ओव्या, म्हणी, सणवार, खेळ गोळा करण्यात हयात घालवली आणि कथा-कादंबऱ्याही लिहिल्या. कागलचे आनंद यादव विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. ग्रामीण साहित्याची मांडणी त्यांनी समीक्षक म्हणून केली, आणि स्वतःच्या घरातलं दारिद्र्य आत्मचरित्रात लिहिलं. त्या आत्मचरित्राला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एका हातानं ढिलं काम केलं असतं तर दुसऱ्याला एवढं बळ आलं नसतं. उलटी उदाहरणंही आहेत, तीही याच मातीतली. वाटेगावच्या अण्णा भाऊंना शाळा लाभली नाही. व्यंकटेश माडगूळकर पदवीच्या वाटेला गेले नाहीत. आज आमचे विभाग त्यांच्यावर प्रबंधामागून प्रबंध काढतात. ज्यांचं लेखन आम्ही विभागात अभ्यासतो, ते जिथून येतं ती जागा मात्र विभागाबाहेर असावी, हा हट्ट कशासाठी?

यात व्यवस्थेचाही दोष आहे. प्राध्यापकाच्या नेमणुकीसाठी आणि बढतीसाठी यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत संशोधनाच्या गुणांचा तक्ता आहे. शोधनिबंधाला गुण, संदर्भग्रंथाला गुण, अनुवादित पुस्तकाला ८ गुण. कथा-कादंबरी-कवितेसाठी त्यात वेगळी ओळ नाही. मराठी विभागातल्या माणसानं दहा वर्षं खपून कादंबरी लिहिली तर तक्त्याच्या हिशेबी तो दहा वर्षं बसून होता. मग तरुण पोरं घाईघाईनं शोधनिबंध पाडतात, आणि गाईडही सवयीनं म्हणतात, एक काय ते ठरव. तुझे गाईड वाईट आहेत असं मला वाटत नाही. त्यांनाही कुणीतरी असंच सांगितलं असणार.

पहिल्या मुद्द्यावर मात्र मी त्यांच्या बाजूचा आहे, निदान अर्धा. प्रबंधातलं प्रत्येक विधान दुसऱ्या माणसाला तपासून बघता आलं पाहिजे. कुठल्या गावात, कुणाकडून, कधी ऐकलं, आणि तोच शब्द आणखी किती जणांनी वापरला. कथेला ही अट नाही. म्हणून दोन वह्या कर. आज संध्याकाळीच कर. एकीत जे ऐकलं ते, तारखेसह, जसंच्या तसं. दुसरीत जे तुझ्या मनात उठलं ते. माझी खात्री आहे की तू आत्ता एकाच वहीत लिहितेस.

तिसऱ्या मुद्द्यावर विचार करून लिहितो.

पेवकाठची लेक | सोमवार, दुपारी १.१५

सर, 'तू'च म्हणा. आणि हो, एकच वही आहे. डाव्या पानावर शब्द आणि उजव्या पानावर बाकी सगळं. तुमचं वाचून वही उघडली. एका ठिकाणी 'हवा बसलेली' असं लिहिलंय. ते आजोबा म्हणाले होते की माझं आहे, हे मलाच सांगता येईना. पोटात गोळा आला. तो शब्द मी प्रबंधाच्या यादीत घेतला होता. रेकॉर्डिंगमध्ये सापडला नाही तर काढून टाकते.

फडातला दादा, संमती तोंडी घेतली होती. पहिल्या भेटीत "पीएच.डी.साठी लिहिते" एवढंच सांगितलं होतं. कथेचं नाही. तेव्हा कथा नव्हतीच.

मिरज जंक्शन | सोमवार, रात्री ९.३०

मी मूळची मिरजेची, काही वर्षं इंग्लंडमध्ये होते. तिथं क्रिएटिव्ह रायटिंगमध्ये एम.ए. केलं, म्हणून थोडी भर घालते.

ललित लेखन विद्यापीठात बसत नाही, असं तिकडं कुणी म्हणत नाही. अमेरिकेत आयोवा विद्यापीठानं १९२२ मध्येच पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंधाऐवजी ललित कृती चालेल असं ठरवलं, आणि १९३६ मध्ये तिथली लेखन कार्यशाळा सुरू झाली. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठानं १९७० मध्ये क्रिएटिव्ह रायटिंगचं एम.ए. काढलं. आता कितीतरी ठिकाणी पीएच.डी.सुद्धा होते. विद्यार्थी कादंबरी किंवा कवितासंग्रह देतो आणि त्याच्या जोडीला समीक्षेचा मोठा भाग लिहितो. हेच रूप का घेतलं, कुठल्या परंपरेतून आलं, सामग्री कशी मिळवली, हे त्या दुसऱ्या भागात मांडावं लागतं. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, परीक्षक दोन्हींवर विचारतात. म्हणजे तुझी कथा आणि तुझा शब्दकोश एका बाइंडिंगमध्ये बसू शकले असते.

पण त्याच विद्यापीठांत कुणाची मुलाखत घ्यायची तर आधी एथिक्सची मंजुरी लागते. मी एका वृद्धाश्रमातल्या बायकांशी बोलणार होते, तर त्याआधी कागद भरण्यात कित्येक आठवडे गेले. सांगणाऱ्याला लेखी माहितीपत्र द्यायचं, त्यात हे कुठं-कुठं वापरणार ते लिहायचं. नंतर मन बदललं तर अमुक तारखेपर्यंत माघार घेता येईल, हेही लिहायचं. तेव्हा मला ती कटकट वाटायची. तुझा धागा वाचून वाटलं, तो कागद असता तर तुला आज रात्री झोप लागली असती. आपल्याकडच्या मराठी विभागांनी हा फॉर्म तरी घ्यावा.

माणगंगेकाठची | सोमवार, रात्री १०.४५

मी आटपाडी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. कविता लिहिते. इथं फार बोलत नाही, पण आज बोलते.

माझी आई ओव्या सांगायची. शेकड्यानं. दहा-बारा वर्षांपूर्वी एक संशोधक मुलगा आला, चार दिवस आमच्या सोप्यात बसून ओव्या उतरवून घेतल्या. आईनं त्याला धपाटे करून घातले, जाताना शेंगा बांधून दिल्या. पोरगा चांगलाच होता. नियमानं वागला. प्रबंध झाल्यावर एक प्रत दाखवायलाही आणली. मी आईला वाचून दाखवत होते. परिशिष्टात तिची माहिती होती: निवेदक क्रमांक १४, स्त्री, वय ६२, अशिक्षित.

आई म्हणाली, "ह्यात माजं नाव कुटं हाय?" मी सांगितलं, नाव देत नाहीत, नियम असतो. ती गप्प बसली. मग म्हणाली, "आन् आशिक्षित कशापायी लिवलं? दोन हजार व्हव्या येत्यात मला."

प्रत घेऊन आलेला मुलगा खाली मान घालून बसला. त्यालाही वाईट वाटलं. पण छापलेलं छापलेलंच. आई गेल्या साली वारली.

ताई, सगळे तुझ्या कथेला जोखीम म्हणतायत आणि प्रबंधाला सुरक्षित. मला तसं दिसत नाही. माझ्या आईला कथेनं दुखावलं नाही, प्रबंधानं दुखावलं. तू आजोबांची माहिती परिशिष्टात कशी देणार आहेस ते आधी सांग. आणि शोधगंगेवर प्रबंध चढला की तो जगात कुणालाही वाचता येतो, हे त्यांना सांगितलंयस का?

मिरज जंक्शन ताई, फॉर्मचं म्हणाल तर आमच्याकडं म्हाताऱ्या माणसापुढं कागद ठेवून "इथं अंगठा द्या" म्हटलं की त्याला सातबारा आठवतो. सावकार आठवतो. अंगठा दिला की काहीतरी गेलं, हीच आठवण आहे पिढ्यानपिढ्यांची. माझ्या आईनं शेंगा दिल्या असत्या, अंगठा दिला नसता.

मिरज जंक्शन | मंगळवार, सकाळी ८.१०

माणगंगेकाठची ताई, तुमच्या आईंचं वाचलं आणि बराच वेळ दुसरं काही करता आलं नाही. अंगठ्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फॉर्मचा आग्रह मागं घेते. मग त्यांच्याच आवाजात विचारून रेकॉर्ड करता येईल का? "आजोबा, हे मी पुस्तकात लिहू का, गोष्टीत लिहू का, तुमचं नाव घालू का." आणि जे उत्तर येईल ते.

माणगंगेकाठची | मंगळवार, सकाळी ८.४०

हे पटलं. आणि नाव घालू का, हे जरूर विचारा. नाव लपवणं म्हणजे आदर, असं आपण धरून चालतो. माझ्या आईला नाव हवं होतं.

वाईचा कट्टा | मंगळवार, दुपारी ४.००

मराठी विश्वकोशासाठी काही नोंदी लिहिल्या आहेत, त्या अनुभवावर लिहितो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत जे काम उभं केलं, ज्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, त्याची शिस्त अशी की नोंदीत 'मी' येत नाही आणि विशेषण आलं तर ते का आलं हे सांगावं लागतं. माझ्या पहिल्या नोंदीतली 'विलक्षण', 'अजोड' वगैरे सगळी विशेषणं खोडली गेली. मी त्या काळात कथाही लिहायचो. ती खोडाखोडी माझ्या कथेला फार मानवली. संशोधन ललिताला मारतं, हे मी तरी अनुभवलेलं नाही.

लेकी, तुझ्या हातात जो ऐवज आहे तो कोशाचा आहे. प्रत्येक शब्दाला सांगणाऱ्याचं एक तरी वाक्य जोड. नुसता अर्थ देऊ नकोस. 'पेव फोडणं' याचा अर्थ दोन ओळींत लिहिता येतो, पण कंदील सोडायचा, थांबायचं, मग उतरायचं, हे वाक्य सोबत आलं की त्या शब्दातली भीती कळते. तेवढी भीती प्रबंधात आणायला कुठलाही परीक्षक हरकत घेणार नाही.

फडातला | मंगळवार, रात्री १०.२०

मागच्या प्रतिसादात मी टक्केवारीचंच बोललो. माणगंगेकाठच्या ताईंचं वाचून माझी स्वतःची परिशिष्टं उघडली. 'अशिक्षित' सात ठिकाणी आहे. ऊसतोडणीला येणाऱ्या कुटुंबांवर काम करतोय मी. सातही जागी बदलतो. 'शाळेत गेल्या नाहीत' असं लिहिलं तर चालेल का? की तेही नको?

माणगंगेकाठची | मंगळवार, रात्री १०.३५

त्यांना काय काय येतं ते लिही. मग शाळेचं लिहिलंस तरी बोचणार नाही.

माहुलीचा घाट | बुधवार, सकाळी ६.५०

तिसऱ्या मुद्द्याचं लिहितो म्हणालो होतो. दोन रात्री त्यावर घालवल्या.

मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगायचो की मुलाखतीतलं खरं बोलणं यंत्र बंद केल्यावर सुरू होतं, म्हणून वही मिटली तरी कान मिटू नका. त्या उपदेशाचा आज मला त्रास होतोय. यंत्र बंद करायला सांगणारा माणूस काय मागत होता, हे मी कधी विद्यार्थ्यांना विचारायला लावलं नाही. काही माणसं यंत्राला लाजतात, त्यांना माणसाशी बोलायचं असतं. काहींना ते उरावरून उतरवायचं असतं आणि ते तिथंच राहावं असं वाटतं. तुझे आजोबा यातले कोण, हे आम्ही इथं बसून सांगू शकत नाही. त्यांनाच माहीत.

तेव्हा माझं मत एवढंच. कथा घे आणि त्यांच्याकडं जा. पूर्ण वाचून दाखव, गाळू नकोस. ते नको म्हणाले तर कथा पेटीत ठेव. दिवाळी अंक पुढच्या वर्षीही निघतील. तुझ्या गाईडांनाही हे सांग. त्यांनी विचारलेल्यापेक्षा अवघड प्रश्न तू स्वतःला विचारला आहेस, हे त्यांना कळू दे.

आणि घाई करू नकोस. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.ला सहा वर्षं दिली आहेत, स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. प्रबंधाआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही अटही त्यांतून काढली आहे. तुझ्या विद्यापीठाची वेगळी काही अट आहे का ते विभागात विचारून घे. वेळ आहे तुझ्यापाशी. आजोबांपाशी किती आहे ते बघ.

कृष्णामाईचा | बुधवार, दुपारी १२.१०

वाचतोय. आमचं घर हरिपूरच्या रस्त्यावर. लहानपणी बुजलेल्या पेवांवरून सायकली हाकायचो, खाली काय आहे ते माहीत नव्हतं. ताई, प्रबंध झाला की गावात एकदा वाचून दाखवा. संगमेश्वराच्या देवळात जागा मिळेल.

पेवकाठची लेक | शनिवार, रात्री ९.५०

सर्वांना उत्तर द्यायला उशीर झाला. काल जाऊन आले.

आधी गाईडांचं. त्यांना हा सगळा प्रकार सांगितला, 'हवा बसलेली'चाही. तो शब्द रेकॉर्डिंगमध्ये नव्हता. माझाच होता. काढला. गाईड बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, बाकीचे शब्दही असेच तपासलेस का? मी म्हटलं, तीनशे बारापैकी एकशे नव्वद झालेत. "मग राहिलेले करून ये, आणि ती कथा मलाही वाचायला दे," म्हणाले. दुसऱ्या वाक्याबद्दल काही बोलले नाहीत. मीही विषय काढला नाही.

आता आजोबांचं.

संध्याकाळी चारला गेले. ते अंगणात बाजेवर होते. मी सरळ सांगितलं. तुम्ही बंद कर म्हणाला होता, मी बंद केलं, पण नंतर त्यावर गोष्ट लिहिली. तुम्हाला न विचारता. ते काही बोलले नाहीत. मी म्हटलं, वाचू का? मान हलवली.

कथा साडेतीन हजार शब्दांची आहे. मला वाचायला पाऊण तास लागला असेल. मधे त्यांची सून चहा घेऊन आली, त्यांनी हातानंच तिला थांब म्हणून सांगितलं. ती चहा हातात धरून उभी राहिली आणि तिनंही शेवटपर्यंत ऐकलं. तिला हे काही माहीत नव्हतं. लग्न होऊन तीस वर्षं झालीत तिला त्या घरात.

वाचून संपल्यावर आजोबांनी पहिलं विचारलं ते दोराचं. मी लिहिलं होतं की जोडीदाराच्या कमरेला दोर होता आणि तो ओढला तेव्हा जड लागला. ते म्हणाले, "कमरंला दोर न्हवता. दोर आसता तर वडून काडला आसता की." मी म्हटलं, ते मी मनानं घातलं, गोष्टीत लागतं म्हणून. ते म्हणाले, "लागतं तर ऱ्हाऊ दे. पर खरं तसं न्हाई, येवडं तुला ठावं असू दे."

हे मी रात्री दोन्ही वह्यांत लिहिलं. सर, दोन वह्या केल्यात.

मग मी त्यांना मिरज जंक्शन ताईंनी सांगितलं तसं विचारलं, मोबाईल समोर ठेवून, चालू करून. शब्दांच्या पुस्तकात तुमचं नाव घालू का? म्हणाले, "घाल. आडनावासकट घाल." प्रबंध इंटरनेटवर जाईल, कुणीही वाचेल, हेही सांगितलं. "वाचू दे की." मग गोष्टीचं विचारलं. ती छापू का?

इथं ते थांबले. बाजेच्या नवारीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "माज्याकडनं हो हाय. पर ही गोष्ट माजी एकट्याची न्हाई. त्येची बायकू हाय अजून. कवलापुरात लेकीकडं असती. तिला इचार."

मला ती हयात आहे हे माहीतच नव्हतं. सहा भेटींत मी एकदाही विचारलं नव्हतं की त्याच्या मागं कोण आहे. कथेत मी तिला दोन ओळी दिल्यात. दारात उभी राहते आणि पदर तोंडाशी नेते, एवढंच. त्या ओळी मला लिहिताना चांगल्या वाटल्या होत्या.

मी विचारलं, तुम्ही येता का सोबत? ते म्हणाले, पन्नास वर्षांत तिच्या दारात गेलो नाही. परत गप्प झाले. सून म्हणाली, "मामा, मी येती तुमच्यासंगं." त्यावर ते काही बोलले नाहीत, पण निघताना मला विचारलं, एसटी किती वाजता असती.

दिवाळी अंकाच्या संपादकांना आज मेल केलाय की कथा तूर्त थांबवा. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.

माणगंगेकाठची ताई, परिशिष्टात आजोबांची नोंद आता अशी केलीय: संपूर्ण नाव, हरिपूर, वय ७८, चौतीस वर्षं पेवाचं काम, नुसत्या वासावरून हळद किती जुनी ते सांगतात. बरोबर आहे का, सांगा.

उद्या सकाळी आम्ही तिघं कवलापूरला निघतोय. कथेची प्रत पिशवीत ठेवलीय. ती बाई आधी बोलणार असेल तर मी वाचणार नाही.